विश्लेषण : डायव्हरांचे नंदनवन ‘राजा अम्पत’ निकेलच्या खाणीमुळे धोक्यात? बोटींचे पर्यटन प्रवाळांना वाचवते की बुडवते?

इंडोनेशियातील राजा अम्पत या द्वीपसमूहाबाबत सप्टेंबर २०२५मध्ये दोन बातम्या आल्या. महिन्याच्या सुरुवातीला तेथील गाग बेटावरील निकेलची खाण पुन्हा सुरू करण्यास सरकारने हिरवा कंदील दाखवला. महिना संपता संपता ‘युनेस्को’ने याच द्वीपसमूहाला जैवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा जाहीर केला. एकाच समुद्रात एकीकडे जगभरातील डायव्हरना घेऊन फिरणाऱ्या लाकडी बोटी आणि दुसरीकडे खनिज वाहून नेणारे बार्ज, असे हे चित्र आहे. विद्युत वाहनांच्या बॅटरीसाठी लागणारे निकेल आणि जगातील सर्वांत समृद्ध प्रवाळ यांपैकी काय निवडायचे, हा प्रश्न यामुळे उभा राहिला आहे. या वादाचा हा आढावा.

राजा अम्पत नेमके कुठे आहे?

इंडोनेशियाच्या अगदी पूर्वेला, न्यू गिनी बेटाच्या पश्चिम टोकाजवळ दीड हजारांहून अधिक लहान-मोठी बेटे विखुरलेली आहेत. त्यांतील वायगेओ, बतांता, सालावती आणि मिसूल ही चार बेटे मोठी. ‘राजा’ हा शब्द मराठी वाचकांना सांगायला नको. इंडोनेशियाच्या भाषेत ‘अम्पत’ म्हणजे चार. अंड्यांतून जन्मलेल्या चार राजांची दंतकथा येथे सांगितली जाते आणि तिच्यावरूनच या भागाला नाव पडले.

प्रशासकीयदृष्ट्या हा भाग २०२२मध्ये निर्माण झालेल्या नैऋत्य पापुआ प्रांतात येतो. सोरोंग ही या प्रांताची राजधानी. पर्यटक विमानाने सोरोंगला उतरतात. तिथून फेरीबोटीने सुमारे दोन तासांत वायगेओवरील वायसाई या गावी पोहोचतात किंवा थेट सोरोंगच्या बंदरातच सफरीच्या बोटीवर चढतात. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८६०मध्ये लाल रंगाच्या स्वर्गपक्ष्याच्या (बर्ड ऑफ पॅरडाइज) शोधात वायगेओला आला होता. त्याचे लक्ष झाडांच्या शेंड्यांकडे होते. आज येणाऱ्या बहुतेक पर्यटकांना पाण्याखाली काय आहे ते बघायचे असते.

येथील समुद्र एवढा समृद्ध का?

जगात ज्ञात असलेल्या कठीण प्रवाळांच्या प्रजातींपैकी सुमारे ७५ टक्के प्रजाती या एका द्वीपसमूहात आढळतात. इंडोनेशिया, फिलिपिन्स, मलेशिया, पापुआ न्यू गिनी, तिमोर-लेस्ते आणि सॉलोमन बेटे यांच्या दरम्यानच्या समुद्राला ‘कोरल ट्रँगल’ म्हणजे प्रवाळ त्रिकोण म्हणतात. राजा अम्पत हे त्याचे हृदय मानले जाते. मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड अॅलन यांनी २०१२मध्ये येथील केप क्री या ठिकाणी एकाच डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ प्रजाती मोजल्या होत्या.

यामागे भूगोल आहे. प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात पाण्याची पातळी हिंदी महासागरापेक्षा किंचित उंच असते. त्यामुळे इंडोनेशियाच्या बेटांमधल्या फटींतून प्रशांतचे पाणी सतत हिंदी महासागराकडे वाहते. वायगेओ आणि बतांता यांच्यामधील डॅम्पियर सामुद्रधुनीसारख्या चिंचोळ्या वाटेत प्रवाहाला जोर चढतो. नळाच्या तोंडावर बोट धरले की धार जोरात उडते, तसाच हा प्रकार. हे प्रवाह खोल पाण्यातील पोषकद्रव्ये वर आणतात. त्यावर प्लवक वाढते, प्लवकावर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे मासे जगतात. प्रवाळांच्या अळ्याही या प्रवाहांबरोबर दूरवर जातात आणि नव्या जागी रुजतात. पण प्रवाह जसे जीव वाहून नेतात, तसाच गाळही वाहून नेतात. खाणीच्या वादात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

‘लिव्हअबोर्ड’ म्हणजे काय?

राजा अम्पतची चांगली डाइव्ह ठिकाणे एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर पसरलेली आहेत. उत्तरेला वायाग, मध्यभागी डॅम्पियर सामुद्रधुनी आणि दक्षिणेला मिसूल. एका हॉटेलात मुक्काम ठोकून हे सगळे बघता येत नाही. म्हणून डायव्हर बोटीवरच राहतात. झोपणे, जेवणे आणि सिलिंडर भरणे, सगळे बोटीवरच. रात्री बोट पुढच्या ठिकाणी जाते आणि सकाळी डायव्हर पाण्यात उतरतात. या बोटींना ‘लिव्हअबोर्ड’ म्हणतात. साधारण आठवडा ते दहा दिवसांची सफर आणि दिवसाला तीन ते चार डाइव्ह, हा नेहमीचा क्रम.

येथील बऱ्याच बोटी ‘पिनिसी’ या पारंपरिक धाटणीच्या आहेत. दक्षिण सुलावेसीतील कारागीर त्या समुद्रकिनाऱ्यावरच लाकडात घडवतात. ही नौकाबांधणीची कला २०१७मध्ये ‘युनेस्को’च्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. बाहेरून शिडाचे जहाज दिसत असले, तरी आत वातानुकूलित खोल्या आणि ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा, म्हणजे ‘नायट्रॉक्स’, भरण्याची यंत्रणा असते. हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. जून ते ऑगस्टदरम्यान आग्नेयेकडून जोरदार वारे वाहतात, तेव्हा अनेक बोटी कोमोडोच्या बाजूला जातात.

एका सफरीसाठी पर्यटकाला हजारो डॉलर मोजावे लागतात. गावातल्या पापुआन कुटुंबांनी पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या होमस्टेमध्ये त्याच्या कितीतरी कमी पैशांत राहता येते. तिथे दिलेला पैसा बहुतांशी त्याच गावात राहतो. अनेक लिव्हअबोर्डचे मालक मात्र बाहेरचे आहेत. पर्यटनाचा फायदा कुणाला, हा येथील जुना प्रश्न आहे.

पर्यटनामुळे प्रवाळांचे संरक्षण झाले का?

बऱ्याच अंशी झाले. १९९०च्या दशकात येथे बॉम्ब टाकून मासेमारी होत होती. शार्कचे पंख कापून विकले जात होते. २००४नंतर स्थानिक सरकार, गावे आणि संवर्धन संस्थांनी मिळून संरक्षित सागरी क्षेत्रांचे जाळे उभारले. आज हे क्षेत्र सुमारे २० लाख हेक्टर आहे. २०१०मध्ये राजा अम्पतने आपल्या पाण्यात शार्कच्या शिकारीवर बंदी जाहीर केली. २०१४मध्ये इंडोनेशियाने मांटा रे या महाकाय पाकट माशाच्या मासेमारीवर देशभर बंदी घातली. जगभरातील मत्स्यालयांतून अंडी आणून, ती येथे उबवून, नामशेष होत चाललेले झेब्रा शार्क पुन्हा समुद्रात सोडण्याचा प्रयोगही सुरू आहे.

याला गावांच्या परंपरेची साथ मिळाली. येथे ‘सासी’ नावाची प्रथा आहे. गावाने ठरवून समुद्राचा एखादा तुकडा ठरावीक काळासाठी बंद करायचा. तिथे मासे, समुद्रकाकडी, शिंपले काहीच काढायचे नाहीत. मुदत संपली की सगळ्यांनी मिळून पकडायचे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न घालण्याची कोकणातल्या कोळी समाजाची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना यातले शहाणपण लगेच कळेल.

पैशाचा भाग प्रवेश शुल्कातून येतो. परदेशी पर्यटकाला संवर्धन शुल्क आणि पर्यटन शुल्क मिळून दहा लाख रुपिया भरावे लागतात. भारतीय चलनात ते पाच-साडेपाच हजार रुपयांच्या आसपास होतात. या पैशातून गस्ती बोटी आणि रक्षकांचा पगार यांचा खर्च भागतो. जिवंत शार्क आणि जिवंत मांटा बघायला लोक वर्षानुवर्षे पैसे देतात. मेलेला शार्क एकदाच विकला जातो. हा हिशेब गावकऱ्यांना पटला, म्हणून बंदी कागदावर राहिली नाही.

मग पर्यटनाचे नुकसान काय?

४ मार्च २०१७ रोजी ‘कॅलेडोनियन स्काय’ हे ९० मीटर लांबीचे क्रूझ जहाज क्री बेटाजवळ ओहोटीच्या वेळी प्रवाळांवर चढले. प्रवासी वायगेओवर पक्षी बघून परतले होते. भरतीची वाट न पाहता टगबोटीने जहाज ओढून काढण्यात आले आणि त्यात प्रवाळ आणखी चिरडले गेले. सुरुवातीला सुमारे १,६०० चौरस मीटर क्षेत्राचे नुकसान झाल्याचा अंदाज होता. नंतर इंडोनेशिया सरकारने हा आकडा १८,८८२ चौरस मीटर असल्याचे सांगितले. म्हणजे साडेचार एकरांहून जास्त. कठीण प्रवाळांपैकी गोलाकार, डोंगरासारखे वाढणारे प्रकार वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे काही तासांत झालेले नुकसान भरून यायला कित्येक दशके लागतात.

अशी मोठी दुर्घटना रोज घडत नाही. रोजचे नुकसान लहान आणि न दिसणारे असते. बोटीने प्रवाळांवर नांगर टाकला की लोखंडी साखळी वाऱ्याबरोबर फिरते आणि वर्तुळाकार पट्टा खरवडून काढते. त्यावर उपाय सोपा आहे. तळाशी कायमचा पक्का बसवलेला बोया असला, की बोट त्याला बांधता येते. पण बोटी जास्त आणि बोया कमी, ही अडचण आहे. शिवाय पाण्यात तोल सांभाळता न येणारे नवखे डायव्हर, फोटोसाठी प्रवाळांना धरणारे हात, एकाच मांटाभोवती जमणारी गर्दी आणि बोटींचे सांडपाणी हे प्रश्न आहेतच. गर्दी टाळण्यासाठी ‘मांटा सँडी’सारख्या ठिकाणी डायव्हरनी वाळूवर आखलेल्या रेषेमागेच थांबावे, असा नियम करण्यात आला.

निकेलचा यात संबंध काय?

जगातील निम्म्याहून अधिक निकेल आज इंडोनेशियात निघते. त्यातला मोठा वाटा स्टेनलेस स्टीलला जातो, तर वाढती मागणी विद्युत वाहनांच्या बॅटरीची आहे. जानेवारी २०२०पासून इंडोनेशियाने कच्चे निकेल खनिज निर्यात करण्यावर बंदी घातली. खनिज तसेच विकण्यापेक्षा देशातच शुद्धीकरण करून, बॅटरी बनवून विकावे, हा हेतू. त्यातून सुलावेसी आणि हल्माहेरा या बेटांवर मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांना खनिज पुरवण्यासाठी नवनव्या बेटांवर खाणी सुरू झाल्या.

येथील निकेल ‘लॅटेराइट’ प्रकारच्या मातीत असते. लॅटेराइट म्हणजे आपल्या कोकणातील जांभा. हा दगड उष्ण आणि पावसाळी हवेत तयार होतो. निकेल असलेला लॅटेराइट जमिनीच्या वरच्या थरातच मिळतो. त्यामुळे बोगदा खणावा लागत नाही. जंगल तोडायचे, वरची माती बाजूला करायची आणि खनिज उपसायचे. त्यात निकेलचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के असते. म्हणजे एक टन निकेलसाठी पन्नास ते शंभर टन माती हलवावी लागते, आणि वरची टाकाऊ माती वेगळीच.

खाण डोंगरावर, प्रवाळ समुद्रात. मग धोका कसा?

या भागात वर्षभर पाऊस पडतो. झाडे असताना मुळे माती धरून ठेवतात. झाडे गेली की लाल माती ओढ्यांतून थेट समुद्रात येते. बेटे लहान असल्याने डोंगर आणि प्रवाळ यांत अंतर फारच कमी असते. मोठ्या नद्या किंवा खाड्या नसल्याने गाळ वाटेत बसायला जागाच नाही.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी गढूळ झाले की प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही. वरून गाळ बसला, तर प्रवाळाला तो झटकण्यासाठी चिकट द्रव सोडावा लागतो आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते. गाळाचा थर वाढत गेला की प्रवाळ गुदमरतो. नवीन अळ्यांना रुजायला कठीण, स्वच्छ खडक लागतो. तोही गाळाने झाकला जातो. त्यामुळे जुने प्रवाळ मरतात आणि नवे येत नाहीत.

गाग बेट हे पियायनेमो या प्रसिद्ध पर्यटनस्थळापासून ३० ते ४० किलोमीटरवर असल्याचे सांगत इंडोनेशियाच्या ऊर्जामंत्र्यांनी खाणीचा बचाव केला होता. पण गागभोवतीही प्रवाळ आहेत. शिवाय खनिज नेणारे बार्ज याच समुद्रातून जातात. त्यामुळे हा धोका फक्त किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, असे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे आहे.

जून २०२५मध्ये काय घडले?

३ जून २०२५ रोजी जकार्तामध्ये महत्त्वाच्या खनिजांवरील एका परिषदेत ‘ग्रीनपीस’चे कार्यकर्ते आणि पापुआतील तरुण फलक घेऊन घुसले. गाग, कावे आणि मनुरान या बेटांवर खाणीसाठी ५०० हेक्टरहून अधिक जंगल आणि वनस्पती नष्ट झाल्याचा दावा संस्थेने केला. हिरव्या बेटावर उघडी पडलेली लाल जमीन दाखवणारे ड्रोनचे व्हिडीओ समाजमाध्यमांवर पसरले. ‘सेव्ह राजा अम्पत’ हा हॅशटॅग काही दिवसांतच इंडोनेशियाभर पोहोचला.

दोन दिवसांत सरकारने गागवरील काम तात्पुरते थांबवले. १० जून रोजी अध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांच्या आदेशाने पाचपैकी चार कंपन्यांचे खाण परवाने रद्द करण्यात आले. पाचवी कंपनी म्हणजे गाग बेटावरील ‘पीटी गाग निकेल’. ती सरकारी नियंत्रणातील ‘अंताम’ या खाण कंपनीची उपकंपनी आहे. तिचा परवाना कायम राहिला. सप्टेंबरमध्ये तिला काम पुन्हा सुरू करू देण्यात आले. कंपनी पर्यावरणाचे निकष पाळत असल्याचा सरकारचा दावा आहे.

गागला सवलत का?

येथे कायद्याचा गुंता आहे. इंडोनेशियाच्या कायद्यानुसार २,००० चौरस किलोमीटरपर्यंतचे बेट ‘लहान बेट’ ठरते आणि पर्यावरणाची किंवा समाजाची हानी होत असेल, तर अशा बेटावर खाणकामाला मनाई आहे. एका निकेल कंपनीने या तरतुदीला आव्हान दिले होते. मार्च २०२४मध्ये घटनापीठाने ते फेटाळले. गाग बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम ६० चौरस किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे मर्यादेच्या कितीतरी आत.

मात्र गागचा खाण करार १९९८चा आहे. १९९९च्या वन कायद्याने संरक्षित जंगलात उघड्या खाणींना बंदी घातली. तेव्हा आधीच करार झालेल्या कंपन्यांनी तक्रार केली. २००४मध्ये सरकारने अशा १३ कंपन्यांना विशेष सूट दिली आणि गागची कंपनी त्यांत होती. प्रत्यक्ष उत्पादन २०१८मध्ये सुरू झाले. जुना करार आधी की नवा कायदा आधी, हा वाद म्हणून संपत नाही.

दुसरी बाजूही आहे. खाणीवर रोजगार मिळालेल्या गागच्या काही रहिवाशांनी खाण बंद करू नये, अशी मागणी मंत्र्यांसमोर केली. त्यांच्या बेटावर लिव्हअबोर्ड फारशा येत नाहीत. पियायनेमोला पर्यटनाचा पैसा मिळतो, गागला नाही. खाण बंद केल्यावर या लोकांनी काय करायचे, याचे उत्तर पर्यटन व्यवसायाकडेही नाही. समुद्र वाचवा म्हणणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

विद्युत वाहने घेणारे दोषी आहेत का?

असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. सर्वच विद्युत वाहनांत निकेल नसते. ‘एलएफपी’ प्रकारच्या बॅटरीत लोह आणि फॉस्फेट वापरले जाते, निकेल नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक विद्युत मोटारींत याच बॅटरी आहेत. निकेल असलेल्या बॅटरी त्याच वजनात जास्त ऊर्जा साठवतात, म्हणून लांब पल्ल्याच्या महागड्या मोटारींत त्या वापरल्या जातात. स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे आणि सिंकही निकेलच्या साखळीत येतात. त्यामुळे खरा प्रश्न निकेल वापरायचे की नाही हा नाही. ते कोणत्या जमिनीतून काढायचे आणि कोणत्या जागा कायमच्या सोडून द्यायच्या, हा आहे.

हवामान बदलाचा वाटा किती?

खाण थांबली तरी प्रवाळांवरचे सर्वांत मोठे संकट टळत नाही. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त काळ गरम राहिले, की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. याला ‘ब्लीचिंग’ म्हणतात. एप्रिल २०२४मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने इतिहासातील चौथी जागतिक ब्लीचिंग घटना सुरू असल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२३पासून पुढील सव्वादोन वर्षांत जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला घातक उष्णतेचा ताण सहन करावा लागला. २०२४मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांवरही मोठे ब्लीचिंग झाले.

स्वच्छ पाण्यातील निरोगी प्रवाळ अशा धक्क्यातून सावरू शकतात. गाळ, सांडपाणी आणि नांगर यांनी आधीच थकलेले प्रवाळ सावरत नाहीत. जगाचे तापमान एका जिल्ह्याच्या हातात नसते. गाळ अडवणे मात्र असते. त्यामुळेच स्थानिक संरक्षणाला महत्त्व आहे.

लिव्हअबोर्ड सुरक्षित असतात का?

प्रवाळांइतकाच माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही या व्यवसायात आहे. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागून खालच्या खोलीत झोपलेल्या ३४ जणांचा मृत्यू झाला. रात्री फिरती गस्त घालणारा कर्मचारी नव्हता, हे तपासात समोर आले. नोव्हेंबर २०२४मध्ये इजिप्तजवळ तांबड्या समुद्रात ‘सी स्टोरी’ ही बोट बुडाली आणि त्यातही पर्यटकांचे जीव गेले.

म्हणून बोट निवडताना दर आणि फोटो यांपलीकडे काही गोष्टी विचारायला हव्यात. रात्रभर जागा राहणारा पहारेकरी आहे का? झोपण्याच्या खोलीतून बाहेर पडायला दोन स्वतंत्र वाटा आहेत का? कॅमेरा आणि टॉर्चच्या लिथियम बॅटरी कुठे चार्ज होतात? जीवनरक्षक तराफे किती जणांना पुरतात? पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत होते का? यांची उत्तरे टाळणारी बोट टाळलेली बरी.

भारतीय पर्यटकांनी काय लक्षात ठेवावे?

इंडोनेशियात भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो. मात्र राजा अम्पत ही नवशिक्यांसाठी पहिली पसंती असू नये. येथील प्रवाह जोरदार आहेत. पाण्यात तोल सांभाळण्याची सवय आणि किमान काही डझन डाइव्हचा अनुभव असेल, तरच लिव्हअबोर्डचा विचार करावा.

पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. या दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळतो. माणूस पटकन वर आला किंवा लगेच विमानात बसला, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सलग अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास थांबावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यामुळे परतीचे तिकीट काढताना एक दिवस मोकळा ठेवावा. डायव्हिंगमधील अपघात समाविष्ट असलेला विमा घ्यावा. साध्या प्रवास विम्यात तो बहुधा नसतो.

कोकणाने यातून काय घ्यावे?

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मालवण आणि तारकर्लीच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. जानेवारी २०२५मध्ये नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका निवतीजवळ पाण्याखाली नेऊन तिचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याची योजना आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर खोल समुद्रात ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठारावर प्रवाळांची मोठी वस्ती आहे.

अपघातही आपल्याला नवे नाहीत. मे २०२२मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. पर्यटन वाढवण्याच्या घोषणा करताना बोटींची तपासणी, कायमचे बोया, एका ठिकाणी दिवसाला किती डायव्हर याची मर्यादा आणि शुल्काचा हिस्सा थेट गावाला, या चार गोष्टी आधी ठरवता येतात. राजा अम्पतमध्ये त्यांतील काही झाल्या आणि तिथे शार्क परत आले. ज्या झाल्या नाहीत, त्यांची किंमत क्री बेटाजवळच्या प्रवाळांनी मोजली.

पुढे काय?

चार परवाने रद्द झाले, तरी खणलेल्या जमिनीवर पुन्हा झाडे लावून गाळ थांबवण्याचे काम शिल्लक आहे. परवाना रद्द करणे एका सहीचे काम असते. उघडी पडलेली लाल माती मात्र प्रत्येक पावसात वाहत राहते. गागवरील खाण सुरू असेपर्यंत जैवावरण राखीव क्षेत्राच्या दर्जाचा प्रत्यक्षात काय उपयोग होतो, याकडे जगाचे लक्ष राहील. हा दर्जा सन्मानाचा आहे, पण त्याने खाणीवर आपोआप बंदी येत नाही. ते अधिकार इंडोनेशिया सरकारकडेच आहेत.

ज्यांच्या जगण्याला खाण आणि पर्यटन या दोन्हींचा स्पर्श होतो, ते पापुआन मच्छीमार जकार्तातील निर्णयप्रक्रियेपासून फार दूर आहेत. ‘सासी’ने समुद्राचा तुकडा बंद करायचा की उघडायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या बैठकीत ठरत आले. खाणीचा परवाना मात्र त्या बैठकीत ठरला नव्हता. राजा अम्पतचा पुढचा वाद निकेलच्या किमतीइतकाच या प्रश्नाभोवती फिरण्याची शक्यता आहे.